ताईच्या अक्षरातली प्रत

प्रुफं बुधवारी दुपारी आली. गठ्ठ्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती आणि ती वाचून मी खूश झालो, हे आधीच कबूल केलेलं बरं. ‘सर, पान ११८ वरचा बाहीचा परिच्छेद मलपृष्ठावर घेत आहोत, तुमच्या फोटोखाली, तुमच्या सहीसह. तुमच्या सगळ्या लेखनातला माझा सर्वांत आवडता तुकडा. होकार शुक्रवारपर्यंत कळवावा.’ चिठ्ठी प्रकाशनातल्या संपादिकेची होती. माझ्या पहिल्या कादंबरीला चाळीस वर्षं झाली म्हणून नवी आवृत्ती निघते आहे, अक्षरजुळणी नव्याने झाली आहे, आणि ‘एकदा तरी नजर घालाच’ असा धोशा तिने महिनाभर लावला होता. मी टाळत आलो, कारण छापून झालेलं स्वतःचं पुस्तक मी कधीच वाचत नाही. ही माझी ख्याती आहे. मुलाखतीत कुणी विचारलं की मी चष्मा काढतो, काचा पुसतो आणि म्हणतो, एकदा छापलं की ते माझं राहत नाही. समोरचा माणूस हे वाक्य हमखास लिहून घेतो. पण स्तुती कुणाला नको असते? कोणता तुकडा एवढा आवडला ते बघायला मी पान ११८ काढलं. उभ्याउभ्याच वाचलं. मग खुर्ची ओढून बसलो आणि पुन्हा वाचलं.

‘दुपारी चार वाजता सगळं घर झोपलेलं असे. तिने भावाचा शर्ट टेबलावर पसरला, पाणी शिंपडलं. कॉलर झाली, पाठ झाली. डावी बाही करायच्या आधी तिने सहज आत हात घातला. बाही लांब होती. हात आत चालत राहिला, आणि कफातून बाहेर आला तेव्हा तिला वाटलं, आता या हाताला कुठे जायचं तर कुणाला विचारावं लागणार नाही. तो दाराची कडी काढील, सिगारेट पेटवील, उशिरा घरी येईल. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने हात बाहेर काढला आणि बाहीवरून इस्त्री फिरवली, कारण आतल्या उबेने कापड चुरगळलं होतं.’

हे मी लिहिलेलं नाही. माणसाला स्वतःचा आवाज टेपवर ऐकला की परका वाटतो, तसा हा प्रकार नव्हता. मी आयुष्यात कधी शर्टाला इस्त्री केलेली नाही. आधी कॉलर करायची, मग पाठ, मग बाही, हा क्रम मला आजही सांगता आला नसता. आणि दुपारी चार वाजता आमच्या घरात कोण जागं असतं हे मला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण तेव्हा मी झोपलेलो असायचो. कपाटावर जुन्या वह्यांची पेटी आहे. स्टुलावर चढून ती काढली, अंगावर धूळ घेतली, आणि सात कच्च्या वह्यांमधून ती जागा शोधून काढली. माझ्या गिचमिड अक्षरात तिथे एवढंच होतं: बहीण इस्त्री करत होती. त्यानंतर लगेच माझा नायक खिडकीशी जाऊन उभा राहतो आणि दोन पानं आयुष्यावर विचार करतो.

प्रत ताईने केली होती. माझी थोरली बहीण, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. प्रकाशकाने माझं हस्तलिखित परत पाठवलं होतं. म्हणाला होता, कादंबरी छापतो, पण आमचा खिळे जुळवणारा हे अक्षर बघून सुट्टीवर जायचं म्हणतोय, कुणाकडून तरी सुवाच्य प्रत करून घ्या. ताईचं अक्षर टपोरं, एकसारखं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, सकाळची पाळी. दोनला घरी यायची, जेवायची, आणि जेवणाचं टेबल पुसून, त्यावर वर्तमानपत्र अंथरून लिहायला बसायची. आखीव कागद, एका बाजूला, डावीकडे दोन बोटं समास सोडून. साडेतीनशे पानं, चार महिने. मधल्या काळात मला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि मी निघून गेलो. प्रुफंही मग तिनेच तपासली. छापील पुस्तक मला पोस्टाने आलं. मी मुखपृष्ठ पाहिलं, माझं नाव पाहिलं, अर्पणपत्रिका पाहिली. अर्पणपत्रिका एका मुलीला होती. तिचा चेहरा आता नीटसा आठवत नाही.

पुस्तक गाजलं, आणि पुस्तकात गाजलं ते हे पान. पुरस्काराच्या मानपत्रात ‘स्त्रीच्या मनाचा ठाव घेणारा तरुण लेखक’ असे शब्द आहेत. ते मानपत्र काचेत घालून अजून माझ्या बैठकीत टांगलेलं आहे. एका महाविद्यालयात कुणीतरी उठून विचारलं होतं, सर, बाहीचा प्रसंग कसा सुचला? मी चष्मा काढला. म्हटलं, असे प्रसंग लेखक लिहीत नाही, ते आपोआप येतात. टाळ्या पडल्या. आता वाटतं, आयुष्यात व्यासपीठावरून निखळ खरं असं मी तेवढं एकदाच बोललो. मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकतो. नऊ महिने तापात असल्यासारखं लिहीत होतो, काय लिहिलं आणि काय नाही कोण लक्षात ठेवतं, लिहिलं असेलच मी. पण हे सगळं खरं नाही. एकदा रेडिओवर त्या कादंबरीचं वाचन लागलं होतं. वाचणाऱ्या बाईंचा आवाज ‘दुपारी चार वाजता’ इथपर्यंत आला आणि मी उठून चहा ठेवायला गेलो. पाणी आटेपर्यंत तिथेच उभा राहिलो. कुठल्या आवाजापासून मी पळत होतो हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. न विचारण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे. लोक मात्र मला बारीक निरीक्षणाचा लेखक म्हणतात.

त्या संध्याकाळी मी पूर्ण कादंबरी वाचली. चाळीस वर्षांची ख्याती एका बैठकीत बुडाली. सव्विसाव्या वर्षी माणसाला वाटतं, सांगण्यासारखं काय ते आपल्याजवळच आहे, बाकीचे सगळे ऐकायला जन्माला आलेत. माझा नायक साडेतीनशे पानं स्वतःला व्यक्त करतो. त्याला कुणीतरी जेवायला वाढतं, कुणीतरी त्याचे कपडे धुतं, तो बाहेर गेला की कुणीतरी दाराला आतून कडी लावतं, आणि या कुणाचंच काही म्हणणं नाही. घरात एक मोठी बहीण आहे, ती हसवण्यापुरती. एक्स्चेंजच्या जागी मी ग्रंथालय घातलं होतं, वय दोन वर्षांनी वाढवलं होतं, आणि एवढ्यावर ती दुसरीच कुणी झाली असं मला वाटलं होतं. तिचं झोपेत बोलणं, बसमध्ये अनोळखी माणसांना वाट सांगत सुटणं, स्थळं यायची त्या दिवशी तिचं तीनतीनदा तोंड धुणं, सगळं तिचंच. पान ४१ वर एक ओळ आहे: ‘ती हसली की हिरड्या आधी यायच्या आणि हसू मागाहून, धापा टाकत.’ ती वाचून मला परवाही हसू आलं. खोटं कशाला बोलू? ओळ जमलेली आहे. हसून झाल्यावर आठवलं, ही ओळ तिने उतरवली तेव्हा मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. नोकरीच्या गावी जायच्या आधीचे दिवस. ती लिहीत लिहीत त्या ओळीपाशी आली, पेन थांबलं, मी वाटच बघत होतो, मला हसू आवरेना. ती मान न वळवता म्हणाली, ‘छान जमलंय रे.’ आणि टपोऱ्या अक्षरात तिने ती ओळ लिहून काढली. प्रुफं तपासताना ती पुन्हा एकदा तिच्या नजरेखालून गेली असणार. तेव्हा तर मी तिथे नव्हतोच. एक काट मारली असती तर मला जन्मात कळलं नसतं.

आणखी एक गोष्ट त्याच संध्याकाळी वर आली, नको असताना. पुरस्कारानंतरच्या वर्षीचा एक रविवार. तोवर मी नोकरी सोडून परत आलो होतो आणि स्वतंत्र खोली घेतली होती. ताई सकाळीच आली. मांडीवर कापडी पिशवी, तिच्यावर दोन्ही हात. तिच्या लग्नाचं तेव्हा नुकतं ठरलं होतं, मला वाटलं त्याबद्दलच काही असेल. मी तिला आलेली परीक्षणं वाचून दाखवली. मग लेखन किती अवघड असतं ते सांगितलं, तास दीड तास. म्हटलं, लोकांना वाटतं बसलं की लिहिता येतं. कुणीही उठावं आणि लिहावं असं ते नसतं, ताई. ती म्हणाली, ‘खरंय.’ कप विसळून ठेवला, पिशवी उचलली आणि गेली. जिभेला हाड नव्हतं माझ्या. पुढे भाषणांतून मी एक वाक्य नेहमी टाकायचो, तरुण मुलांना धीर यावा म्हणून: ज्याला खरोखर काही सांगायचं असतं तो वाट काढतोच. मुलं माना डोलवायची.

गुरुवारी दुपारी ताईकडे गेलो. ती मुलाकडे असते, चौथ्या मजल्यावर. भावोजींना जाऊन सहा वर्षं झाली. दार सूनबाईने उघडलं. हसरी, बोलकी मुलगी, घरूनच काम करते, कानाला सतत ते यंत्र. ‘या मामा! तुमची नवी आवृत्ती येतेय ना? कॉलेजात असताना वाचली होती मी, लग्नाच्या कितीतरी आधी. ती बहीण काय रंगवलीय तुम्ही! मी आईंनाही वाचून दाखवते मधूनमधून, दोघी हसून लोळतो.’ मी कसनुसं हसलो. तिने चहा दिला, बिस्किटं दिली, आणि मीटिंग आहे म्हणून आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ताई खिडकीशी मटार सोलत बसली होती. एकाहत्तर वर्षांची, पाठ अजून ताठ.

‘या लेखक,’ ती म्हणाली. ‘आज कशी वाट चुकलात?’

‘पान एकशे अठरा. बाहीचं,’ मी म्हटलं.

तिने एक शेंग फोडली, दाणे अंगठ्याने भांड्यात लोटले. ‘वाचलंस होय एकदाचं?’

मी येताना बसमध्ये बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं काही आठवेना. ‘का लिहिलंस?’ एवढंच विचारलं, आणि विचारल्यावर लाज वाटली, कारण हा प्रश्न मला कुणी विचारला की मी अर्धा तास बोलतो.

‘अरे, तू लिहिलंस, बहीण इस्त्री करत होती. आणि तुझा तो बाबा खिडकीत जाऊन उभा राहिला तो दोन पानं हलेचना. म्हटलं, तोवर इस्त्री तरी व्हायला हवी ना.’

‘चेष्टा नको, ताई.’

‘चेष्टा कुठे करते? कंटाळा आला होता रे मला. चार महिने तुझंच दुःख उतरवत होते. वाटलं, एवढ्या पानांत आपलं एक.’ तिने टरफलं वर्तमानपत्रावर सारली. ‘तू रागावशील म्हणून भ्याले होते. सुट्टीवर आलास की सांगायचं, असं ठरवलंही होतं. पण तू आलास तो हातात कात्रणं घेऊनच, आणि जो तो त्याच पानाचं कौतुक करत होता. तोंड किती फुललेलं असायचं तुझं! मग कसं सांगायचं?’

‘आणि तो रविवार? ती पिशवी? काय होतं तिच्यात?’

‘कुठली पिशवी?’ तिने विचारलं. मग हातातल्या शेंगेकडे बघत म्हणाली, ‘होतं काहीतरी. रद्दीत गेलं ते. मग मुलगा झाला, त्याची दुखणी, ह्यांच्या बदल्या. राहूनच गेलं.’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि ती असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिला चिठ्ठीचं सांगितलं, मलपृष्ठाचं, माझ्या फोटोचं. म्हटलं, मी हे होऊ देणार नाही, प्रस्तावना लिहितो, स्पष्ट लिहितो की ते पान माझ्या बहिणीचं आहे, तुझं नाव छापतो. बोलता बोलता मला बरं वाटायला लागलं. प्रस्तावनेची पहिली ओळसुद्धा सुचली. चाळीस वर्षांचा हिशेब एका कबुलीत मिटवून मोकळं व्हायचं, आणि वर प्रामाणिकपणाची शाबासकी मिळवायची, अशी माझी तयारी चालली आहे हे मला त्याच क्षणी दिसलं आणि तरी मी थांबलो नाही. थांबवलं तिने.

‘वेडा आहेस का तू?’ ती एकदम हलक्या आवाजात म्हणाली आणि तिने आतल्या बंद दाराकडे पाहिलं. ‘त्या पुस्तकातली बहीण मी आहे हे या घरात कुणाला माहीत नाही. ह्यांनाही शेवटपर्यंत कळू दिलं नाही. तीनतीनदा तोंड धुणारी, बसमध्ये बडबडणारी. ते पान माझं म्हणालास की बाकीची सगळी पानंही माझीच होतील. या वयात सुनेपुढे मला ती बाई करून बसवू नकोस.’

आतून सूनबाईचा कामाचा आवाज येत होता. ताईला माझी दया आली असावी, कारण तिने माझ्यापुढे मूठभर शेंगा टाकल्या आणि म्हणाली, ‘सोल. लेखकाला मटार सोलता येतात का बघू.’ मी पहिलीच शेंग अशी फोडली की दाणे खाटेखाली गेले. तिला हसू आलं, आणि हसता हसता तिचा डावा हात तोंडावर गेला. चारही बोटं, नाकाच्या खालपासून हनुवटीपर्यंत. मी ते बघत राहिलो. माझ्या तिसऱ्या कादंबरीत एक प्रौढ बाई आहे, ती हसताना असाच हात धरते. ‘हसू जपून वापरायची तिला सवय होती’, असं मी लिहिलं आहे, आणि हे निरीक्षण ताईवरूनच घेतलेलं आहे. पण लहानपणी ती अशी नव्हती. मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून हसायची, शेजारच्या घरात ऐकू जायचं. एक्स्चेंजमधल्या मैत्रिणी घरी आल्या की सगळ्यांच्या वर तिचं हसणं. मग कधीतरी हात आला, आणि तो कधी आला याचा मी कधीच विचार केला नाही. आता केला. पान ४१ च्या नंतर. नवऱ्याने, मुलाने, सुनेने तिला तोंड उघडं टाकून हसताना कधी पाहिलेलंच नाही. पाहिलं असतं तर त्यांनी तिला त्या पुस्तकात ओळखलं असतं.

शुक्रवारी प्रुफं परत पाठवली. पान ११८ जसंच्या तसं ठेवलं. मलपृष्ठासाठी लिहिलं: हा परिच्छेद इथे नको, फोटो नको, सही नको, मागची बाजू कोरी सोडा. पान ४१ वरची ती ओळ मी काळ्या शाईने काटली, आणि काटताना हात अडला, हेही सांगतो. लेखक म्हणून पहिल्यांदा टाळी मिळाली होती ती त्या ओळीला, खुर्चीमागे उभा असताना, माझी मलाच. दुपारी संपादिकेचा फोन आला. ‘सर, एकेचाळीसवरची ओळ चुकून खोडली गेलीय का? वाचकांची फार आवडती आहे ती.’ मी म्हटलं, चुकून नाही. ती म्हणाली, ‘पण का, सर? इतकी छान ओळ!’ मी चष्मा काढला, काचा पुसल्या, आणि पहिल्यांदाच मला सांगण्याजोगं वाक्य सापडलं नाही. ‘काढा,’ एवढंच म्हणालो. तिला मी म्हातारपणी हट्टी झालोय असं वाटलं असेल.

रविवारी पुन्हा ताईकडे गेलो. न कळवता दोनदा एका आठवड्यात आलेला पाहून तिने भुवया वर केल्या. मुलगा आणि सूनबाई बाहेर गेली होती. या वेळीही पुढ्यात मटारच होते. मी तिच्या शेजारी बसलो आणि सांगितलं की ती हिरड्यांची ओळ काढून टाकली. नव्या आवृत्तीत ती नसेल, यापुढे कधीच नसेल. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती रडते की काय.

‘अरे, कशाला काढलीस?’ ती म्हणाली. ‘चांगली होती की ओळ. खरीच होती.’

‘नव्हती चांगली. ताई, मला माफ कर.’

‘बघा, म्हातारपणी काय काय सुचतंय आमच्या लेखकाला!’ असं म्हणून ती हसायला लागली, आणि हात वर गेला. घरात आम्ही दोघंच होतो. कुणी बघणारं नव्हतं, कुणी ओळखणारं नव्हतं, आणि ती ओळही आता कुठे नव्हती. मी तिचं मनगट धरलं आणि हात हळूच खाली घेतला. ते तिला आणखीच गमतीचं वाटलं, खांदे हलायला लागले, आणि अर्धी सोललेली शेंग बोटांत तशीच धरून तिचा दुसरा हात तोंडावर गेला.